नीलव्वाचा कोपर

सरकारी कागदावर माझा हुद्दा 'परिचर, पंचकर्म विभाग' असा होता. नांदेडच्या लोकांच्या जिभेवर तो काही बसेना, म्हणून ते मला शेकवाली बाई म्हणू लागले. सुरुवातीला मला राग यायचा. मॅट्रिक पास झालेली, सरकारी नोकरीतली बाई मी, आणि नाव काय तर शेकवाली. पण पुढे रिक्षातून कण्हत उतरणाऱ्या बायका डॉक्टरांची चौकशी न करता "शेकवाली बाई हायत का आज?" असं विचारू लागल्या, तेव्हा तो राग आपोआप गेला. आता निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, तर बाजारात कुणीतरी त्याच नावानं हाक मारावी म्हणून माझे कान टवकारलेले असतात. कुणी मारत नाही.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण आजकाल शेक म्हटलं की लोकांना रबरी पिशवी आठवते. आमचा शेक पाल्याचा. निर्गुडी तुम्ही पाहिलेली असते, फक्त नाव माहीत नसतं. ओढ्याच्या काठानं, शेताच्या बांधावर पुरुषभर उंच वाढते. पान हाताच्या पंजासारखं, तीन किंवा पाच बोटांचं, वरून हिरवं आणि खालून राखाडी. निळसर जांभळे तुरे येतात. पान चुरगाळलं की असा उग्र वास सुटतो की शेळीसुद्धा तोंड लावत नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात हाच पाला, सर्दीची वाफ घ्यायची तर हाच, डोकं दुखलं की उशीत हाच, आणि ज्वारीला कीड लागू नये म्हणून कणगीतही हाच. पण तिचं खरं काम दुखण्यावर. गुडघा, कंबर, खांदा, मनगट, जिथे म्हणून वात धरतो तिथे.

घरोघरी बायका पान तव्यावर गरम करून दुखऱ्या जागी बांधतात, तेवढं सगळ्यांना येतं. दवाखान्यात आम्ही पोटली करायचो. निर्गुडीचा पाला बारीक चिरायचा, त्यात एरंडाची पानं, थोडं खोबरं, लिंबाच्या फोडी, सैंधव घालून तिळाच्या तेलात परतायचा आणि जाड सुती कापडात बांधायचा. दोन पोटल्या लागतात. एक अंगावर फिरत असते तेव्हा दुसरी तव्यावर तापत असते. पोटली आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवायची आणि मगच माणसाच्या अंगाला लावायची. गार लावली तर काही उपयोग नाही, जास्त गरम लावली तर फोड येतो. आयुष्यभर हे करून माझ्या डाव्या हाताच्या मागे एक काळपट डाग पडला, तो अजून आहे. बांगड्या भरणारी नेहमी विचारायची, हे काय झालं. मी म्हणायची, पगार झाला.

नांदेडच्या दवाखान्यात एक लांब खोली होती. मध्ये हिरवा पडदा. पलीकडे पुरुष आणि त्यांना शेक देणारे गफूरभाई, अलीकडे बायका आणि मी. एकदा धर्माबादचा एक मिरचीचा व्यापारी कंबर धरून आला तो थेट मोंढ्यातूनच. गफूरभाईंनी पोटली फिरवायला सुरुवात केली, अंगाला घाम सुटला, आणि वर्षानुवर्षं कातडीत मुरलेली मिरची जागी झाली. तो तिकडे कळवळतोय, गफूरभाई शिंकताहेत, पडद्याच्या अलीकडे माझ्या सगळ्या बायका डोळे पुसताहेत. गफूरभाई म्हणाले, "या अल्ला, ये कमर है या मिरची का बोरा?" उद्यापासून आंघोळ करून या, असं त्याला सांगितलं. तो बिचारा म्हणाला, आंघोळ करूनच आलोय, हे आतूनच येतंय.

उमरीहून एक आजी यायच्या. त्यांचं दुखणं रोज घर बदलायचं. सोमवारी गुडघा, मंगळवारी मान, बुधवारी डाव्या पायाची टाच. असं करता करता सगळं अंग संपलं, तेव्हा मी विचारलं, आज कुठे. त्या म्हणाल्या, "आता दुखायला जागाच ऱ्हायली न्हाई माय. तरीबी दे थोडा, आलेच हाय तर." मी दिला. वैद्यबुवा तेवढ्यात तिथून गेले, पण पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ते आमचे डॉक्टर. बुशशर्ट घालायचे, इंजेक्शनही द्यायचे, पण सगळे त्यांना वैद्यबुवाच म्हणायचे. हदगावकडचा एक गडी बैलगाडीवरून पडला होता आणि सुजलेल्या पायाला कितीतरी दिवस निर्गुडी बांधून बसला होता. वैद्यबुवा त्याच्यावर इतके चिडले की आम्ही पडद्याआड सरकलो. मोडलेलं हाड पाल्यानं जुळत नाही, एक्स-रे काढा, प्लॅस्टर घाला, मग माझ्याकडे या, असं म्हणून त्यांनी त्याला मोठ्या दवाखान्यात धाडलं. आमच्या झाडाचा मला अभिमान आहे, पण हेही लिहून ठेवलेलं बरं.

मग लातूर जिल्हा झाला. पेढे लातूरकरांनी खाल्ले आणि बदल्या आमच्या झाल्या. नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी नवीन कचेऱ्या, नवीन पाट्या आणि सगळीकडे माणसांची चणचण. आमच्या खात्यानं तिथे भाड्याच्या जागेत एक छोटा विभाग सुरू केला आणि मला तिकडे पाठवलं. आमचे हे नांदेडला शाळेत शिक्षक, लेकरं सासूबाईंजवळ. मी लातूरला एका खोलीत एकटी. शनिवारी दुपारची गाडी पकडायची, लोहा करत रात्री घरी पोचायचं, आणि सोमवारी पहाटे धाकटी झोपेत असतानाच निघायचं. ती उठल्यावर माझ्या उशीत तोंड खुपसून बसते, असं सासूबाई सांगायच्या. उशीला पाल्याचा वास येतो म्हणे. मी ऐकून घ्यायची आणि बदलीचा अर्ज करायची. तिथे असताना मी इतके अर्ज केले की कचेरीतला कारकून मला पाहिलं की कोरा कागदच पुढे करायचा.

लातूर मला आवडलं नाही, हे कबूल करते. गाव वाईट नव्हतं. माझं मन तिथे नव्हतं. त्यात ते वर्ष कोरडं निघालं. पाऊस पडायचा तेव्हा पडला नाही, विहिरींनी तळ दाखवला, हापशांपुढे घागरींच्या रांगा. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका सुजलेली मनगटं घेऊन माझ्याकडे यायच्या. शेक झाल्यावर अंगावरचं तेल उतरवायला गरम पाणी लागतं, ते कुठून आणायचं? मी हरभऱ्याच्या पिठानं पुसून काढायची.

पाल्याची मात्र एक सोय होती. गावाबाहेर एक कोरडा ओढा होता, त्याच्या काठानं निर्गुडीची लांबच लांब रांग. दुष्काळात सगळं करपलं तरी ती हिरवी, कारण मुळं खोल आणि जनावर खात नाही. सकाळी विळा घेऊन जायचं, गोणी भरून आणायची. तिथे उभं राहिलं की वासानं मला आमच्या आसना नदीचा काठ आठवायचा.

नीलव्वा आल्या त्या याच दिवसांत. नाव नीलावतीबाई, पण निलंग्याकडच्या, माहेरची बोली कानडी, म्हणून सगळं घर त्यांना नीलव्वा म्हणे, अव्वा म्हणजे आई. गंजगोलाईजवळ मुलाचं भुसार मालाचं दुकान होतं. उंच, वाळक्या, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. सोबत सून महादेवी, भरल्या अंगाची, झटझट बोलणारी. नीलव्वांचा डावा खांदा आखडला होता. हात कुशीला चिकटल्यासारखा, जरा उचलायला गेलं की तोंडावर कळ दिसायची. मोठ्या दवाखान्यात एक्स-रे झाला होता, हाड ठीक होतं. गोळ्यांनी ठणका कमी झाला, पण हात काही वर जाईना.

खांदा आखडलेली माणसं काय सांगतात ते मला पाठ होतं. वेणी घालता येत नाही, पोलक्यात हात जात नाही, वरचा डबा काढता येत नाही. मी सवयीनं विचारलं, कशाची जास्त अडचण होते अव्वा. त्या म्हणाल्या, "देव धरता येत न्हाई."

मला कळलं नाही. मग महादेवीनं सांगितलं. त्यांच्यात प्रत्येकाचं आपलं लिंग असतं. आंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि नजर न हलवता पाहत राहायचं, हीच पूजा. दुसऱ्याच्या लिंगाला कुणी हात लावत नाही, सून असो की लेक. नीलव्वांचा हात पोटापर्यंत यायचा, त्याच्या वर यायचा नाही.

"मी म्हणलं अत्याला, चौरंगावर ठेवा, उंच करून दिते," महादेवी म्हणाली. "तर माझ्याशी बोलणंच टाकलं."

नीलव्वा तिच्याकडे न पाहता माझ्याशी बोलल्या. "चौरंगावर कायबी ठेवतेत लोक. तांब्या ठेवतेत, फुलदाणी ठेवतेत." मग मी विचारलं, पोटाशी धरून खाली पाहिलं तर? त्यांनी उजव्या हातानं गळ्यातली डबी धरली. "देव खाली आन् मी वर बसून त्याच्याकडं बघू? तसं कसं जमंल, तंगी?"

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. लातूरला आल्यापासून मला पहिल्यांदाच कुणी नात्यानं हाक मारली होती.

वैद्यबुवा नांदेडलाच राहिले होते. लातूरच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, नव्या शिकलेल्या, पण उगाच मोठमोठं बोलायच्या नाहीत. त्यांनी खांदा तपासला आणि सांगितलं की याला वेळ लागतो, महिने लागतात. निर्गुडीच्या तेलानं मालीश, पोटलीचा शेक आणि खांदा ऊन असतानाच व्यायाम. शेकानं आवळलेला सांधा सैल होतो, कळ कमी होते, पण हलवायचा तो माणसानंच. पाला दार उघडून देईल, आत तुम्हालाच जावं लागेल, असं त्या म्हणाल्या. नीलव्वांना ते पटलं.

रोज सकाळी त्या यायच्या. महादेवी त्यांना रिक्षातून उतरवायची, पाठीशी उशी लावायची आणि बाहेर बाकावर जाऊन बसायची. दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. नीलव्वा मला म्हणायच्या, तिला सांग डाळीत मीठ जास्ती झालं होतं. मी पडद्याबाहेर जाऊन सांगायची. महादेवी म्हणायची, त्यांना सांगा मग ताटात काही कसं उरलं नाही. मी आत येऊन तेही सांगायची. शेकवालीच्या नोकरीत पोस्टमनचंही काम असतं, हे माझ्या हुद्द्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

शेक घेताना त्या डोळे मिटून वास घ्यायच्या. त्यांच्या माहेरी तेरणेच्या काठाला हीच झाडं होती. त्या लहान असताना त्यांची आई याच पाल्यानं नवऱ्याचे पाय शेकायची आणि लेकींना जवळ बसवून पोटली कशी बांधायची ते दाखवायची. लग्न झाल्यापासून या पाल्याला हातच लागला नव्हता, असं त्या म्हणाल्या. शहरात राहायला आलं की आधी झाड सुटतं. मग मी आसनेचा काठ सांगायची, धाकटीची उशी सांगायची. दोन बायका दोन नद्यांविषयी बोलत बसायच्या आणि दोन्ही नद्या तेव्हा कोरड्या होत्या.

हात हळूहळू वर येऊ लागला. पोटापासून छातीपर्यंत आला. छातीपाशी येऊन अडला. तिथून पुढे गेला की थरथरायचा आणि कोपर खाली पडायचा.

एका सकाळी मी विळा घेऊन ओढ्यावर गेले तर रांग नव्हती. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीसाठी मशीननं जागा सपाट करत होते. निर्गुडी मुळासकट उपटून एका बाजूला ढीग लावलेला, पानं कोमेजून गेलेली, आणि सगळ्या माळावर तो वास. मशीनवाल्याला मी विचारलं, थोडी ठेवता आली नसती का. त्यानं माझ्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं. ढिगातून निघाला तेवढा पाला गोणीत भरला आणि तिथेच एका दगडावर बसून रडले. पाल्यासाठी रडले की घरासाठी, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

वाळलेल्या पाल्याचा शेक जमतो, पण ओल्याची सर त्याला येत नाही. नीलव्वांचा हात छातीपाशी आलेला असताना शेक बंद पडला तर सांधा पुन्हा आवळणार, हे मला आणि डॉक्टर बाईंना दोघींनाही माहीत होतं. मग मी नांदेडहून पाला आणायला लागले. रविवारी आमचे हे सायकलवर आसनेच्या काठी जायचे, ओली निर्गुडी कापून आणायचे, लेकरं पानं निवडायची. ओल्या पोत्यात गुंडाळून सोमवारी पहाटेच्या गाडीत मी ते घेऊन चढायची. कंडक्टर म्हणायचा, बाई, तुमच्या पोत्यानं गाडीतले डास गेले, तिकीट मागू का तुम्हालाच पैसे देऊ? तो पाला बुधवार-गुरुवारपर्यंत ओला राहायचा. मग शनिवारी मी पुन्हा घरी. धाकटी आता माझ्या उशीत तोंड खुपसायची नाही. आई पाला न्यायला येते, असं ती मैत्रिणींना सांगायची.

श्रावण लागला. पाऊस नव्हताच, पण सोमवार तर आले. नीलव्वा म्हणाल्या, या सोमवारी घरी ये, दवाखान्याच्या आधी. मला वाटलं जेवायला बोलावतात. पोतं घेऊन बसस्टँडवरून थेट त्यांच्या घरी गेले तर त्या आंघोळ करून बसल्या होत्या, अंगावर ओलसर पातळ, कपाळावर ताजं भस्म. शनिवारी माझ्याकडून मागून नेलेल्या दोन पोटल्या तव्यावर तापायला ठेवल्या होत्या. सगळी तयारी महादेवीनं केली होती आणि ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

त्यांनी खांदा शेकून घेतला. मग डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात उचलला. छातीपर्यंत आला, थरथरला. मला काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. लिंगाला हात लावायचा नाही, एवढं ठाऊक होतं. मी त्यांच्या बाजूला गुडघे टेकून बसले आणि माझा डावा हात त्यांच्या कोपराखाली धरला. जे मी रोज व्यायामाच्या वेळी म्हणायची तेच म्हणाले, "सैल सोडा, अव्वा. भार माझ्यावर टाका."

त्यांनी टाकला. वाळक्या बाईच्या हाताचा तो भार कितीसा असणार? पण मी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर धरावी तसा तो धरला. हात वर आला, हनुवटीपर्यंत, मग डोळ्यांपर्यंत, आणि थांबला. त्यांचे डोळे लिंगावर गेले ते हललेच नाहीत. गालावरून पाणी वाहत होतं. मला वाटलं कळ येते आहे, म्हणून मी हात जरा खाली घेऊ लागले.

"दुखू दे," त्या म्हणाल्या, ओठ जेमतेम हलवून. "हात काढू नको, तंगी."

मी काढला नाही. माझ्या खांद्याला रग लागली, हाताला मुंग्या आल्या, बाहेर दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला. मला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. मी लिंगायत नाही, ती पूजा माझी नाही. पण देव त्यांच्या हातात होता आणि त्यांचा हात माझ्या हातात.

पूजेला बेल नव्हता. दुष्काळात गावातलं बेलाचं झाड ओरबाडून झालेलं, देवळातही लोक कालचा बेल धुऊन आज वाहत होते, आणि तसं चालतंही म्हणे. नीलव्वांनी उजवा हात माझ्या पोत्याकडे नेला, निर्गुडीची तीन बोटांची पानं निवडून काढली. मी दचकले. म्हटलं, अव्वा, हा दुखण्याचा पाला.

"मग दुखणंच वाहायचं," त्या म्हणाल्या. "यंदा माझ्यापाशी दुसरं काय पिकलं?"

त्यानंतर दर सोमवारी हे ठरूनच गेलं. बसस्टँडवरून त्यांच्या घरी, शेक, कोपर, मग दवाखाना. रविवारी रात्री नांदेडला निजताना मला सोमवारची ओढ लागायची. ज्या गावाला मी येता-जाता नावं ठेवली, त्या गावातल्या एका घरात लवकर पोचावं म्हणून मी ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसून मनातल्या मनात गाडी हाकायची. आणि अर्ज? तो करायचंच मी विसरून गेले.

अशा वेळी बदली होते. शनिवारी कारकुनानं हाक मारून सांगितलं, बाई, नांदेड मिळालं, आता पेढे काढा. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो ऐकून मी खुर्चीवर बसून राहिले. घरी सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण रविवारी पाला निवडताना यांनी विचारलं, आता कशाला एवढा? मी म्हटलं, शेवटचा आहे, जास्त घ्या.

त्या सोमवारी गाडी अहमदपूरच्या अलीकडे बंद पडली. दुसरी येईपर्यंत ऊन चांगलंच वर आलं. सबंध वाटेत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र, नीलव्वा आंघोळ करून बसल्यात आणि हात छातीपाशी थरथरतोय. पोतं खांद्यावर टाकून मी बसस्टँडवरून जवळजवळ पळतच गेले.

दार उघडं होतं. नीलव्वा बसलेल्या होत्या, लिंग डोळ्यांसमोर, हात स्थिर. बाजूला महादेवी गुडघे टेकून, तिचा हात त्यांच्या कोपराखाली. डावाच हात, मी धरायची तसाच, तळव्याचा द्रोण करून. दारात उभी राहून इतके सोमवार ती काय पाहत होती, ते मला तेव्हा कळलं. तिनं मला पाहिलं आणि डोळ्यांनी खुणावलं, या, तुम्ही धरा. मी मान हलवली. पोतं उंबऱ्याशी ठेवलं आणि तिथेच बसले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी काळजात काहीतरी तुटलं, ते लपवून काय करू? माझी जागा गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर गेली होती आणि ज्या हातांत जायला हवी होती त्याच हातांत गेली होती.

पूजा झाल्यावर नीलव्वांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला उशीर झाला, तंगी. महादेवीनं धरला." किती दिवसांनी त्यांच्या तोंडून सुनेचं नाव ऐकत होते मी. मग मी बदलीचं सांगितलं. त्यांनी लिंग डबीत ठेवून डबी बंद केली. आणि म्हणाल्या, "जा. लेकरं वाट बघून राहिलेत. तुझा हात लई दिवस वापरला आम्ही." मी पाया पडायला वाकले. भस्म कपाळाला लावतील म्हणून पदर सारला, तर त्यांनी माझा डावा हात ओढून घेतला आणि पोटलीनं काळवंडलेल्या जागी बोटानं भस्म लावलं. महादेवी पोतं आत घेऊन गेली. वास घरभर पसरला आणि मी बाहेर पडले.

त्यांचा हात पुढे आधाराशिवाय वर राहिला का, मला माहीत नाही. दोन-तीन वेळा लातूरला जायचं ठरवलं, मग धाकटीची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, असं करत राहून गेलं. खूप वर्षांनी लातूरची एक परिचारिका भेटली, तिनं सांगितलं की त्या वारल्या. कधी, कशानं, ते तिला नीट ठाऊक नव्हतं. त्या सोमवारच्या सकाळी मात्र मला आजही आठवतात. पहाटे जाग आली की क्षणभर वाटतं, गाडी पकडायची आहे.

आता निर्गुडी ट्यूबमध्ये मिळते, गोळीत मिळते, फवाऱ्यात मिळते. तिच्यात सूज उतरवणारं काही आहे, असं शिकलेले लोकही सांगतात, चांगलं आहे. नातू औषधाच्या दुकानातून आणून देतो. मी झाकण काढून आधी वास घेते. वास असतो, पण ओल्या पोत्याचा नसतो.

यंदा माझा डावा खांदा आखडला. हसू नका, मी स्वतः हसले होते. दोरीवर कपडे टाकता येईनात, तेव्हा मुलानं फिजिओथेरपीला नेलं. तिथली मुलगी लहानशी, केस वर बांधलेले, मशीननं शेक दिला. शेक बरा होता. पोटलीची सर मशीनला कशी येणार, असं मनात म्हणत मी पडून होते. मग ती म्हणाली, आता हात वर न्यायचा, मावशी. छातीपर्यंत आला आणि थरथरला. तिनं तिचा तळवा माझ्या कोपराखाली सरकवला आणि सवयीनं, माझ्याकडे न पाहताच, म्हणाली, "सैल सोडा. वजन माझ्यावर टाका."

मी टाकलं. हात वर गेला, हनुवटीपर्यंत, डोळ्यांपर्यंत. माझ्या तळहातावर काहीच नव्हतं, तरी मी तिथेच पाहत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तशी ती घाबरली, दुखलं का विचारलं आणि हात खाली घेऊ लागली.

"दुखू दे," मी म्हटलं. "हात काढू नको, तंगी."